ओलिताचं वावर, ले-आऊटवाल्याचा इसार आणि शहराचे मजले

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मौदा तालुक्यात, भंडारा रोडपासून आत, पेंचच्या कालव्यावर तुमच्या वडिलांचं आणि काकांचं मिळून सहा एकर ओलिताचं वावर आहे. विकास योजनेत ते शेती विभागात येतं. ले-आऊटवाला इसाराचे पैसे घेऊन काकांकडे चकरा मारतो आहे. हा पट्टा रहिवासी विभागात घ्यावा, असा ठराव ग्रामपंचायतीनं केला आहे. तुम्ही नागपुरात फ्लॅटमध्ये राहता आणि तुम्हाला वाटतं की शहरानं वर वाढावं, कालव्याखालच्या जमिनीवर पसरू नये. काका म्हणतात, तुझा फ्लॅट तरी कुठे हवेत बांधलाय, तोही कोणाच्या वावरातच उभा आहे. यात बरोबर कोण आणि आता करायचं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

माझी उभी नोकरी नगररचनेत गेली, अमरावती आणि नागपूर या दोन्ही विभागांत. नकाशावर शेती विभागाचा हिरवा रंग भरणारे आणि तो पुसायला सांगणारे असे दोघेही टेबलाच्या पलीकडे बसलेले पाहिले आहेत. माझं मत असं आहे की शहर दाट झालं पाहिजे हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण शहर दाट होण्यातून जो पैसा उभा राहतो, त्यातला वाटा वावर राखणाऱ्या कास्तकाराला मिळत नसेल, तर 'जमीन वाचवा' हा उपदेश काकांनी का ऐकावा, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आधी काकांचा हिशेब करू, कारण शहरातली माणसं तो सहसा करत नाहीत. धानाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या प्रतीला क्विंटलला २,३६९ रुपये होता. कालव्याच्या पाण्यावर एकरी १५ क्विंटल धरले तर साडेपस्तीस हजार होतात. रोवणी, निंदण, खत, फवारणी, कापणी-मळणी वजा केली की दहा-बारा हजार उरतात. रब्बीला पाणी मिळालं तर गहू किंवा चण्याचे आणखी थोडे. वर्षाकाठी एकरी पंचवीस-तीस हजार हातात पडले तर वर्ष बरं गेलं म्हणायचं. आता ले-आऊटवाल्यानं एकराला पन्नास लाख लावले असं समजा. ते बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर सव्वातीन लाख व्याज येतं, तेही निंदण न करता. या आकड्यांपुढे 'काळी आई' म्हणून डोळे पुसणं मला जमत नाही. विकायला निघालेला कास्तकार लोभी आहे असं समजून केलेली कोणतीही योजना कागदावरच राहते.

आता दुसरी बाजू. त्या पन्नास लाखांत कोणाकोणाचं नुकसान मोजलेलं नाही ते बघा.

ले-आऊट पडतो पाच एकरांवर, पण बिघडतात आजूबाजूची वीस-पंचवीस एकरं. हे कसं होतं ते तुम्ही तुमच्याच शिवारात पाहू शकाल. काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर साधा पाया घातला तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरप्या भेगा जातात. योग्य पाया म्हणजे साधारण साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे पाइल. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं आपल्याकडे रुळवली. हा खर्च कोणी करत नाही. त्याऐवजी ले-आऊटवाला तीन-चार फूट मुरूम टाकून सगळी जागा उचलून घेतो. जागा उंच झाली की वरच्या बांध्यांतून वाहून येणारं पाणी अडतं आणि शेजाऱ्याच्या वावरात साचतं. तूर तर अशा पाण्यात चार दिवसांत उन्मळते. रस्ता करताना चारी, म्हणजे कालव्याचं पाणी वावरापर्यंत नेणारा पाट, बुजते. चारी बुजली की शेपटाकडच्या, म्हणजे चारीच्या शेवटी असलेल्या, कास्तकारांचं पाणी बंद होतं, आणि त्यांच्या ओलिताची जमीन कागदावर ओलिताची आणि प्रत्यक्षात कोरडवाहू होऊन बसते. मग दोन वर्षांनी तोच कास्तकार म्हणतो, पाणी येतच नाही तर आता मीही विकतो. पाच एकरांचे पंचवीस एकर असे होतात. त्यात पांदण रस्त्यावर पहिल्या घराचं कुंपण सरकतं, बंडी जायची पंचाईत होते, आणि प्लॉटमध्ये राहायला आलेली मंडळी फवारणीच्या वासाची तक्रार करू लागतात.

पाण्याची गोष्ट निघालीच आहे तर एक आठवण करून देतो. पेंच प्रकल्पातून शेतीचं ओलित व्हायचं होतं आणि ते झालंही. पण नवेगाव खैरीच्या जलाशयातून नागपूर शहराला पिण्याचं पाणी जातं, आणि शहर वाढलं तसं शहराचं पाणीही वाढलं. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून पेंचमध्ये येणारं पाणी कमी झालं, त्याचा ताण पुन्हा शेवटच्या चारीवर. शहरानं पाणी आधी घेतलं, आता जमीन मागतंय. तुमच्या काकांच्या पिढीला हे क्रमानं दिसलेलं आहे, म्हणून त्यांच्या बोलण्यात धार आहे.

तरी लोकांना घरं लागतातच ना, हा प्रश्न उरतोच. लागतात. पण या पट्ट्यात पडणारे ले-आऊट घरांसाठी पडत नाहीत, हे माझं ठाम निरीक्षण आहे. नागपूरच्या जाहिरातींची भाषा तुम्ही वाचता: 'एनए, टीपी, आरएल मंजूर, बँक लोन उपलब्ध, रिंग रोडपासून दहा मिनिटं'. म्हणजे बिगरशेती, नगररचना आणि रिलीज लेटर, सगळं झालेलं. घेणारा बहुतेक वेळा राहायला येणार नसतो. एक प्लॉट मुलीच्या लग्नासाठी, एक निवृत्तीसाठी, एक 'भाव वाढेल' म्हणून. त्यात मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचा एक फाटा प्रजापतीनगरपासून भंडारा रोडनं कापसीच्या ट्रान्सपोर्टनगरकडे जाणार हे जाहीर झाल्यापासून पुढच्या प्रत्येक गावचा भाव मेट्रो येण्याआधीच मेट्रोच्या गतीनं धावतो आहे. कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर चक्कर मारा. सिमेंटचे खांब रोवलेले, नावाची कमान उभी, आत गाजरगवत कमरेइतकं, आणि पंधरा वर्षांत उभी राहिलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. तिथे पीक निघत नाही आणि माणूसही राहत नाही. शेतजमिनीचं घरात रूपांतर झालं असतं तर निदान वाद घालायला काही होतं. इथे शेतजमिनीचं पडीत जमिनीत रूपांतर होतं आहे.

नागपुरानं हे आधी भोगलं आहे. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या वस्त्या नियमित करायला २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला. '५७२ आणि १९०० ले-आऊट' हे अशा अनधिकृत ले-आऊटांचे आकडे नागपूरकराला पाठ आहेत, आणि त्यातल्या कित्येक वस्त्यांत गटार आणि रस्त्यांसाठीची भांडणं आजतागायत चालू आहेत. २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना सवलत देणारी दुरुस्ती पुढे २०२१ मध्ये झाली. प्रत्येक माफीतून पुढच्या ले-आऊटवाल्याला एकच निरोप जातो, की आधी विका, नियमित नंतर होईल.

वर्ध्याचं उदाहरण तर विद्यार्थ्यांना शिकवावं असं आहे. २००१ च्या जनगणनेत वर्धा नगरपालिकेची लोकसंख्या एक लाख अकरा हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती एक लाख सहा हजारांवर आली. शहर ओस पडलं का? मुळीच नाही. पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे, नालवाडी, म्हसाळा या लगतच्या गावांत ते सांडलं. माणसं त्याच शहरातली, नोकरी-बाजार त्याच शहरात, पण कर ग्रामपंचायतीला आणि कचरा नाल्यात. जुन्या शहरातली गटारं, शाळा, नळाच्या वाहिन्या यांवर झालेला खर्च आहे तिथेच राहिला, आणि तोच खर्च बाहेर पुन्हा करायची वेळ आली.

दाटीचा हिशेबही मांडून बघू, कारण 'वर वाढा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचे वीस मजली मनोरे येतात. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. ले-आऊट पाडताना रस्ते आणि नियमाप्रमाणे दहा टक्के खुली जागा सोडली की विकायला साधारण साठ टक्के उरते, म्हणजे दीड हजार फुटांचे सतरा प्लॉट. पाच एकरांत पंच्याऐंशी. आता तालुक्याच्या गावात मध्यावर एक एकराची जागा घ्या, जशी जुन्या सरकारी क्वार्टरांची असते, बैठी घरं आणि बाकी बाभळी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत मूळ चटईक्षेत्र, म्हणजे जागेच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१ आहे, त्यावर निवासी बांधकामाला साठ टक्के अनुषंगिक चटईक्षेत्र शुल्क भरून मिळतं. मोघम धरलं तर साडेशहात्तर हजार चौरस फूट बांधकाम. नऊशे फुटांची घरं केली तर पंच्याऐंशी. पाच एकर काळ्या जमिनीचं काम एक एकरात, तळमजला धरून चार-पाच मजल्यांत होतं. हे गगनचुंबी वगैरे काही नाही. असे मजले हिंगणघाटला, अचलपूरला आत्ताच उभे आहेत.

मात्र दाटीच्या बाजूनं बोलणारे काही गोष्टी गाळतात, त्या मी गाळणार नाही. आपल्या बहुतेक तालुक्यांच्या गावांत भूमिगत गटार नाही, शोषखड्डे आणि सेप्टिक टँक आहेत. तिथे मजले चढवले आणि गटार टाकली नाही तर शेजारच्या विहिरीचं पाणी पिण्यालायक राहत नाही. दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीची नावं देशाच्या बातम्यांत येतात. भिंतीला भिंत लावून, झाड न ठेवता बांधलेली दाटी म्हणजे भट्टीच. पावसाचंही तसंच आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं ते तुम्ही नागपुरात असाल तर पाहिलंच असेल. नाल्याला जागा ठेवली नाही तर दाट वस्ती आधी बुडते. आणि तिसरं, कास्तकाराचं घर हे फ्लॅटमध्ये बसत नाही. त्याला गोठा लागतो, कुटार ठेवायला जागा लागते, धान वाळवायला अंगण लागतं, ट्रॅक्टर-बंडी उभी करायची असते. म्हणून दाटीचा आग्रह मी शहरासाठी आणि तालुक्याच्या गावासाठी धरतो, खेड्याच्या गावठाणासाठी नाही. खेड्यात खरी अडचण आहे ती भूमिहीनांची. घरकुल मंजूर झालं पण बांधायला जागा नाही, अशी कुटुंबं प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यासाठी गावठाण वाढवणं हे सरळ न्यायाचं काम आहे आणि त्याला दोन-चार एकर लागले तर मी हरकत घेणार नाही. पण दीड हजार फुटांचा बारा-पंधरा लाखांचा प्लॉट त्या कुटुंबांसाठी नसतो, आणि ग्रामपंचायतीचा ठराव कोणाच्या घरांसाठी आहे हे सरपंचांना विचारायला काय हरकत आहे?

मग बांधायचंच असेल तर काळी सोडून बरड जमिनीवर बांधा, असं पुष्कळ जण सुचवतात. मातीच्या अंगानं हे शंभर टक्के खरं आहे. आपली जुनी गावं पाहा, घरं पांढरीवर किंवा मुरमाच्या उंचवट्यावर आणि पिकं काळीत. हे कोणी नगररचनाकारानं सांगितलं नव्हतं. पाया पक्का मिळतो, पावसाचं पाणी वाहून जातं, आणि पीक तसंही हलकंच येतं. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो तर नागपुरातच अमरावती रोडवर आहे. जमिनीचे नकाशे कुठे मिळतील हा प्रश्न आपल्याला पडायला नको. पण पूर्व विदर्भात एक मेख आहे. बरड, माळरान म्हणून दिसणारी बरीचशी जमीन महसुली कागदात 'झुडपी जंगल' आहे. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल ही वनजमीनच मानायची असं स्पष्ट केलं. हे क्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. तेव्हा माळ दिसला म्हणून तिथे वसाहत सुचवण्याआधी सातबारा आणि निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीवरच्या हक्कांची नोंद, काढून बघावं लागतं. आणि माळावर गावची गुरंही चरतात, हे शहरातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही.

आता कायद्याचं कुंपण किती भक्कम आहे ते सांगतो. 'शेती विभाग' म्हणजे शेती सोडून काही होणार नाही, असा समज असेल तर तो काढून टाका. २०२० च्या त्याच एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे शेती विभागात फार्म हाऊस, गोदाम, पेट्रोल पंप, शाळा-कॉलेज, रिसॉर्ट अशा कितीतरी गोष्टींना अटींवर परवानगी मिळते. तुकडेबंदी कायद्यानं ठरवलेलं किमान क्षेत्र २०२३ च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत बागायतीसाठी दहा आणि जिरायतीसाठी वीस गुंठ्यांवर आणलं. लगेच अकरा गुंठ्यांचे 'फार्म प्लॉट' बाजारात आले. यातली गोम अशी की दस्त नोंदला जातो, पण फार्म हाऊसच्या परवानगीला एक एकराचं क्षेत्र लागतं. घेणाऱ्याला हे घर बांधायला निघाल्यावर कळतं. शिवाय विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कुळवहिवाट कायदा लागू आहे आणि त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सरसकट विकता येत नाही, हेही घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ओलिताची बहुपिकी जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी असं कलम १० सांगतं, पण ते सरकारी संपादनाला. ले-आऊटवाला संपादन करत नाही, तो विकत घेतो. त्याला हे कलम लागत नाही.

केरळनं २००८ मध्ये भातशेती आणि पाणथळ जमीन राखण्याचा स्वतंत्र कायदा केला, गावनिहाय जमिनींची यादी केली. तिथेही पळवाटा निघाल्या, दुरुस्त्या झाल्या, पण निदान कोणती जमीन राखायची हे कागदावर नावानिशी आहे. आपल्याकडे तसं काही नाही. बाहेरच्या देशांचं म्हणाल तर कॅनडातल्या ओंटारियो प्रांताचा किस्सा बोलका आहे. घरांची टंचाई आहे म्हणून तिथल्या सरकारनं २०२२ मध्ये राखीव हरित पट्ट्यातून ७,४०० एकर मोकळे केले. त्याच सरकारनं नेमलेल्या गृहनिर्माण कृतिदलानं मात्र त्याच वर्षी सांगितलं होतं की अडचण जमिनीच्या टंचाईची नाही. पुढच्या वर्षी लेखापरीक्षणात निघालं की या एका निर्णयानं जमीनमालकांच्या मालमत्तेत ८३० कोटी डॉलरची भर पडू शकते. गदारोळ झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. पट्टा कोणत्या देशातला आहे यानं फार फरक पडत नाही; नकाशावरचा रंग बदलला की भाव दसपट होतो, आणि रंग बदलायची मागणी घरं शोधणाऱ्यांकडून येतच नाही.

माझ्या उत्तराचा गाभा मात्र दुसऱ्या एका परदेशी उदाहरणात आहे. अमेरिकेत मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीनं १९८० मध्ये ९३ हजार एकरांचा शेतीचा राखीव पट्टा आखला. तिथे आधी पाच एकरांना एक घर बांधता येत होतं, ते पंचवीस एकरांना एक असं केलं. शेतकऱ्याचा हक्क गेला, पण फुकट गेला नाही. प्रत्येक पाच एकरांमागे एक विकास हक्क त्याला मिळाला. तो त्यानं शहरातल्या बांधकाम व्यावसायिकाला विकायचा, आणि व्यावसायिकानं तो ठरवून दिलेल्या शहरी भागात जास्तीचे मजले चढवायला वापरायचा. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, जमीन त्याच्याच नावावर राहिली आणि शेतीच राहिली.

असा विकता येणारा विकास हक्क म्हणजेच टीडीआर, आणि हा शब्द आपल्याकडे नवा नाही. आरक्षणाखाली गेलेल्या जागेबद्दल मिळतो, वारसा इमारतींसाठी मिळतो. शेतजमीन राखण्यासाठी मात्र नाही. दुसरीकडे नागपुरात मेट्रोच्या दोन्ही अंगांना जास्तीचं चटईक्षेत्र मिळतं, प्रीमियम भरून इतरत्रही मिळतं. त्या प्रीमियमचा दर जमिनीच्या सरकारी दराच्या पस्तीस टक्के आहे. हा पैसा शहरातच जिरतो. माझं म्हणणं असं की नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत शहराबाहेरची सातशेहून जास्त गावं आहेत आणि त्यांची योजना २०१८ मध्ये मंजूर झालेली आहे. मेट्रोच्या कडेला चढणारा जास्तीचा मजला आणि पेंचच्या लाभक्षेत्रातलं ओलिताचं वावर यांचा व्यवहार जुळवून द्यायला हीच जागा योग्य आहे. काकांना एकराला पन्नास लाख यातून मिळणार नाहीत. पण दहा-पंधरा लाख मिळाले आणि जमीन नावावर राहिली, तर ते बसून विचार करतील, एवढं मी खात्रीनं सांगतो. आज त्यांच्यापुढे पन्नास लाख किंवा शून्य एवढेच दोन पर्याय आहेत. अडचणी आहेत, हेही मान्य. टीडीआरचा भाव पडतो, दलाल मध्ये घुसतात, ठोक्यानं शेती कसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तरी यापेक्षा बरी वाट मला दिसलेली नाही. आमदारांना आणि प्राधिकरणाला ही मागणी कास्तकारांकडून गेली पाहिजे; शहरातल्या पर्यावरणवाद्यांकडून गेली तर ती फायलीतच झोपेल.

हे होईपर्यंत काय करायचं, तो तुमचा दुसरा प्रश्न. ग्रामपंचायतीच्या ठरावानं विभाग बदलत नाही, ती फक्त शिफारस. विभाग बदलायला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया व्हावी लागते: जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. तोवर 'लवकरच पिवळ्या पट्ट्यात', म्हणजे रहिवासी विभागात, म्हणून कोणी प्लॉट विकत असेल तर तो हवा विकतो आहे.

काकांना एकच गोष्ट निक्षून सांगा: आममुख्त्यारपत्रावर (पॉवर ऑफ अॅटर्नीवर) सही करू नका. दहा टक्के इसार द्यायचा, आममुख्त्यारपत्र लिहून घ्यायचं, त्याच्या जोरावर साठ-सत्तर लोकांना सौदापत्रावर प्लॉट द्यायचे आणि परवानगी अडकली की फोन बंद करायचा, ही पद्धत या भागात नवी नाही. सातबाऱ्यावर नाव काकांचं राहतं, म्हणून पोलीस ठाण्यात बोलावणंही काकांनाच येतं. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या ले-आऊटला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, नोंदणी लागते, आणि जमीनमालक उत्पन्नात भागीदार असेल तर तोही प्रवर्तक ठरू शकतो. विकायचंच ठरलं तर पूर्ण पैसे घेऊन सरळ खरेदीखत करा. आणि विकण्याआधी कर सल्लागाराला नगरपालिका किंवा नगरपंचायतीच्या हद्दीपासून जमिनीचं हवाई अंतर मोजायला सांगा. लोकसंख्येप्रमाणे दोन, सहा किंवा आठ किलोमीटरच्या आतली शेतजमीन भांडवली नफ्याच्या कराला पात्र होते, त्यापलीकडची नाही.

सहा एकर एकसारखे नसतील. चारीच्या डोक्याकडचा भाग वेगळा, गावठाणाकडचा वेगळा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला, योजनेच्या अधीन राहून, निवासी वापराची वाट मोकळी आहे. तुमचा एखादा गट त्यात येतो का ते आधी बघा. मुलाचं शिक्षण, आजारपण, कर्ज अशी खरी गरज असेल तर तेवढाच तुकडा विका आणि ओलिताचा भाग ठेवा. सगळ्या गावाचाच पट्टा जाणार अशी वेळ आली तर एकेकट्यानं विकू नका. पुण्यात हडपसरजवळच्या मगरपट्ट्यात शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर एकत्र आणून स्वतः शहर उभं केलं. मौदा म्हणजे हडपसर नाही, इथे तशी मागणी नाही, हे मला कळतं. पण एकत्र बसलेल्या दहा कास्तकारांशी ले-आऊटवाला वेगळ्या आवाजात बोलतो.

कलम ३७ ची सूचना निघाली तर हरकत द्यायला साधारण महिनाभर मिळतो. 'शेती वाचवा' असं भावनिक पत्र लिहू नका, सुनावणीत त्याचं काही होत नाही. गट नंबरवार सातबारा जोडा, पीकपेऱ्याचा रकाना ओलित दाखवत असेल तर त्यावर खूण करा. पाटबंधारे विभागाकडून लाभक्षेत्राचा आणि चारीचा नकाशा घ्या, आणि चारी बुजली तर खालचे कोणते गट कोरडे पडतील त्यांची यादी द्या. २००५ च्या कायद्याखालची पाणी वापर संस्था तुमच्या लघुवितरिकेवर, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यावर, असेल तर तिच्या ठरावाला एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा कितीतरी वजन येतं. नसेल तर शेपटाकडच्या कास्तकारांच्या सह्या घ्या, त्यांचंच नुकसान सर्वांत जास्त आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं, पाच किलोमीटरच्या आत आधी मंजूर झालेल्या ले-आऊटांत किती प्लॉट रिकामे आहेत ते स्वतः मोजा, फोटो काढा आणि तो तक्ता हरकतीला जोडा. गावातली पाच-सहा कॉलेजची पोरं दोन रविवारांत हे करू शकतात. सुनावणीला काकांना सोबत न्या. त्यांचं म्हणणं तुमच्यापेक्षा वेगळं असलं तरी त्यांना बोलू द्या, आणि विकास हक्काची मागणी त्यांच्याच तोंडून, लेखी, नोंदवून घ्या.